टाकीतला गुलाबी हात

बायको वारल्यावर मला तिचा हात एकदाच दिसला. तोही फिशटँकमध्ये!

खाऱ्या पाण्याची ती टाकी मंजुळाची हौस. आत एकच मासा, बाळ्या. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा, पण मिजास जावयाची. मंजुळा गेली आणि त्याने खाणं टाकलं. काचा शेवाळाने हिरव्या झाल्या. शेवटी सून म्हणाली, "बाबा, इथे मरण्यापेक्षा माशांचा दुकानवाला विकत नेईल त्याला. केबिन रोडवर दुकान आहे त्याचं, येतोय संध्याकाळी."

मंजुळाचा मासा परक्याच्या घरी? डोकंच फिरलं माझं.

"आधी काचा घासतो. अशा घाणीत तू तरी जेवशील का?"

"त्याचा ब्रश मिळतो बाजारात, बाबा."

"मिठागरात हाडं झिजवली मी. खाऱ्या पाण्याचं मला शिकवतेस?" (शाळा चौथीत सुटली, बढाई काही सुटली नाही.)

टाकी खोल, माझा हात आखूड. म्हणून हत्यार बनवलं. प्लास्टिकच्या पाइपाला मंजुळाचा गुलाबी रबरी हातमोजा, आत थोडा काथ्या, वर रबरबँड. झकास! चार हात मारले, आणि रबरबँड तुटला. हातमोजा गढूळ पाण्यात तळाला गेला. म्हटलं, चहा पिऊन काढू.

पाठ वळवली. पडदे ओढलेले, खोलीत टाकीचा निळा उजेड, हवेच्या नळीची बुडबुड. आणि मागून आवाज आला. टक्. टक्.

तेवढ्यात शेजारच्या जयाबेन कढीपत्ता मागायला दारात आल्या आणि तिथेच थिजल्या.

"काका... अंदर से कोई बुला रहा है!"

वळून बघतो तर हिरव्या पाण्यात गुबगुबीत गुलाबी हात! पाची बोटं वर. सावकाश हलतोय, काचेवर टकटक करतोय. (नळीची हवा मोज्यात शिरली होती. हे आता सांगतोय, तेव्हा कुठलं सुचायला!)

जयाबेन चपला टाकून जिन्याने पळाल्या. मी टेबलाखाली.

"मंजुळे! मी न्हाय गो विकत! तुझी सून विकते!"

सून स्वयंपाकघरातून धावत आली, किंचाळली, मग काचेशी वाकली. "बाबा... बाळ्या बघा."

बाळ्या त्या बोटांना अंग घासत होता. मंजुळाच्या हाताला खाऱ्या पाण्याने खाज सुटायची, म्हणून ती हाच मोजा घालून त्याला भरवायची. सुनेने चिमूटभर खाणं त्या बोटांपाशी सोडलं. बाळ्याने गपकन गिळलं! तिने डोळे पुसले आणि दुकानवाल्याला फोन लावला. "येऊ नका, दादा. मासा घरचा आहे."

आता रोज मीच तो मोजा घालून भरवतो.

पण एक गोष्ट मनाला लागलीय. बोटभर मासा, चार दिवसांची ओळख, तरी तिचा हात बघून जवळ गेला. आणि जन्मभर त्याच हातचं खाऊन पोट सुटलेला मी? टेबलाखालून मला सुनेने आणि चपला न्यायला परतलेल्या जयाबेननी, दोघींनी मिळून ओढून काढलं!