सुकदेवनानांची उसनवारी

सुकदेवनाना बंद रेडिओ हातात घेतला की आधी कानाशी धरून हलवत. आत काय सुटलं आहे, ते त्यांना आवाजावरून कळे. मग टेबलावर ठेवून आपल्या अहिराणीत म्हणत, "यानामा जीव शे."

जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे धरणगावकडचे. कोणाच्या माळ्यावर पडलेलं यंत्र त्यांना बघवत नसे. मोडीत निघालेल्या मिक्सरच्या मोटरवर त्यांनी शाळेची घंटा चालवली, जुन्या रेडिओच्या खोक्यात अंडी उबवली. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पडेल वस्तू मरस, चालती वस्तू जगस." भाग मिळाला नाही, तर दुकानात आलेल्या दुसऱ्या यंत्रातला काढून लावत. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, तसं. मालकाला विचारण्याची पद्धत नव्हती. आमच्या पंख्यात कोणाचा तरी कंडेन्सर आहे, हे कळल्यावर मीही हसलो होतो. तो माझा दोष.

१९८९ साली मी त्यांच्याकडे आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फितीचा टेपरेकॉर्डर दिला. आबांचा आवाज एकाच फितीवर होता. धुळ्याच्या घरी बसून त्यांनी आपलं लहानपण सांगितलं होतं, बावीस मिनिटं. त्यांच्या तिथीला आम्ही ती फीत लावत असू. माझी मोठी बहीण अक्का पिंपळनेरला असते. तिने ती कधी ऐकली नव्हती, आणि त्या वर्षी ती येणार होती. नानांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शब्द दिला, "तिथीले आबा बोलतीन. मनी जबान."

मी कचेरीत सामानाच्या नोंदी ठेवतो. घरच्या प्रत्येक यंत्रावर, झाकण उघडून मोटरवरसुद्धा, लाल रंगाने घराचा नंबर घालायची सवय आहे. आमचा नंबर सतरा. आठ महिने नाना "पुढल्या बाजारले" म्हणत राहिले. नवव्या महिन्यात मी कापड शिवायला टाकायला शिंप्याकडे गेलो. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी पत्र्याच्या पात्यांचा एक छोटा पंखा फिरत होता. मोटरवर लाल सतरा होता.

कापड टाकून मी तिथून निघालो. त्या बाईच्या तोंडावरचा वारा काढून घेणं मला जमलं नसतं, आणि ते नानांना पक्कं माहीत होतं. दुकानात जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी तारा सांधायची डागणी खालीसुद्धा ठेवली नाही.

"मी काय मोटर इकी खादी का, भाऊ? चालू शे ना ती. म्हातारीले वारा लागस."

"मला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगतू तर तू देतास का?"

नसती दिली, हे खरं होतं. त्यामुळे राग निम्मा झाला नाही, दुप्पट झाला.

तिथीच्या दिवशी नाना स्वतः टेपरेकॉर्डर घेऊन घरी आले. आत दुसरीच मोटर बसवलेली होती. अक्का पदर सावरून समोर बसली. फीत फिरू लागली आणि आबा बोलू लागले, पण पातळ, घाईघाईने, पोरासारखे. मी घड्याळ लावलं होतं. चौदाव्या मिनिटाला फीत चाकात गुंतली आणि चुरगळून तुटली.

नाना कौतुकाने म्हणाले, "बोलनात ना आबा?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "हे कोण होतं रे?"

मी यंत्र उचलून नानांच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. नंतर त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. पाच वर्षांनी ते गेले. सगळी गल्ली हळहळली, शिंपी तर ओक्साबोक्शी रडला. मी स्मशानापर्यंत चालत गेलो, पण खांदा दिला नाही.

ते वाईट माणूस नव्हते, हे मी कोणालाही सांगेन. पण आता आबांना आठवायला बसलो, की त्यांचा खरा, जड आवाज येतच नाही. तो पातळ, घाईचा आवाजच येतो.