पहिल्या आरतीसाठी जुना ब्राउझर

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळच्या आरतीचा मान आमच्या चाळीत जो आधी नाव देईल त्याचा. नाव ज्यानं त्यानं स्वतः द्यायचं, पोराबाळांकरवी नाही. डिलाईल रोडच्या या चाळीत आजवर हे सगळं जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं चालायचं. यंदा मला हौस आली आणि मी त्यासाठी वेबपेज केलं. सगळ्यांच्या फोनवर ते झकास चाललं. फक्त बाबांच्या कॉम्प्युटरवर पांढरंफटक.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. मंडळानं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून ठेवलाय. आणि पहिली आरती त्यांनाच हवी होती.

"माझ्या फोनवरून द्या की नाव," मी म्हटलं.

"आरती माझी नि फोन तुझा? फळ्यावर कधी तुझ्या हातानं लिवलं काय मी?"

खोट माझ्या कोडात होती. खोलीचा नंबर तपासायला मी रेगेक्स लिहिलं होतं, म्हणजे काय आत घ्यायचं हे सांगणारी चिन्हांची एक ओळ. तिच्यात मागे वळून बघायची नवी सोय होती: नंबरच्या आधी मजला लिहिलाय का? जुन्या ब्राउझरला ती कळेना. आणि असल्या ब्राउझरला एक चिन्ह कळलं नाही की तो भाजीत खडा लागलेल्या जावयासारखा ताटावरूनच उठतो.

नव्या कोडचं जुनं करून देणारं एक टूल असतं. त्यानं बाकी सगळं निमूट बदललं, हे तेवढं जसंच्या तसं परत केलं. मग हातानंच लिहायला बसलो. आधी नंबर तपासायची ही चाळणी इतकी सैल झाली की बाबांनी खोलीच्या जागी 'शनिवार' टाकलं तरी पेज 'आभारी आहोत' म्हणालं.

"शनिवारात कोण राहतं रे?" बाबांनी विचारलं. माझं डोकंच फिरलं. मग मी ती इतकी घट्ट केली की आमचीच खोली चाळीबाहेर गेली.

"खडू आणून दे त्यांना एक," आई म्हणाली.

शेवटी जमलं. बाबांनी चष्मा पुसला, एका बोटानं खोली टाकली, नाव टाकलं, बटण दाबलं. पेजवर आलं: 'माफ करा, हा मान दिला गेला आहे. कृपया दुसरी संध्याकाळ निवडा.'

माझी दुरुस्ती चालू असताना शेजारच्या काकूंनी फोनवरून केव्हाच नाव दिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा मात्र ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते.

"चांगलं लिवलंयस," ते म्हणाले. "माफ करा म्हणतंय, दुसरं काय ते पण सांगतंय. आमच्या गिरणीनं नुसतं गेटला कुलूप लावलं होतं."