पंगतीतली मांडी

वारज्याच्या थांब्यावर हिंजवडीची कंपनी बस यायच्या अर्धा तास आधीपासून ते गृहस्थ फेऱ्या मारत असायचे. मला वाटायचं, व्यायामाचं खूळ असेल. एकदा परतताना मी त्यांच्यापुढे भेळ धरली.

"नको. आमच्या घरात पोट बिघडलं की पाठोपाठ सांधे सुजतात. वडील वात समजून तेलच चोळत राहिले, शेवटी खुर्चीला खिळले. मी आणि भाऊ वेळेत डॉक्टरांकडे गेलो. सकाळी गुडघे आखडतात, फेऱ्या मारल्या की सुटतात, एवढंच."

वर्षभराने एका सोमवारी ते बसबरोबरच पोचले आणि सरळ पायऱ्या चढले.

"काल भावाचं लग्न झालं," म्हणाले. "पंगतीत आम्ही दोघंही मांडी घालून जेवलो. पंगत उठायला लागली, तर समोर खुर्चीतून वडील म्हणाले, 'बसा रे थोडं अजून.'"