कोसमटोल्याची पाळी

रैनूभाऊ पोटावी गेल्याचं मला धानोऱ्याच्या बाजारात कळलं. कोसमटोल्याची एक बाई हिरड्याचं गाठोडं सोडत बसली होती. मी नेहमीसारखं विचारलं, "आज रैनूभाऊ आले नाईत का?" तिनं मान वर न करता सांगितलं, "परवा गेला ना तो. तुमाले कोणी सांगतलंच नाई?" मी बाजूच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चहा समोर आला, निवला. आज खरं लिहायला बसलोच आहे, तर पहिल्यांदा हेच लिहायला हवं की ती बातमी ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता ते मला कधीच काही विचारणार नाहीत, असं मनात आलं... रडू नंतर आलं, सायकलवर, घरी जाताना.

कोसमटोला हे आमच्या पाच गावांतलं शेवटचं गाव. आमचं गाव डांबरी रस्त्याला लागून, आणि तिथून आत जंगलात दहा-अकरा मैल गेलं, मधला नाला ओलांडला की कोसमटोला. रैनूभाऊ तिथले सरपंच, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, मीही नुकताच सरपंच झालो होतो. जो तो आपल्या गावचा अर्ज घेऊन एकटा कचेरीत जायचा आणि पुढल्या आठवड्यात या, एवढं ऐकून परतायचा. रैनूभाऊंनी एका बाजाराच्या दिवशी आम्हा पाचही सरपंचांना याच टपरीवर बसवलं. म्हणाले, "एकटा गेला का सायब बस म्हणत नाई. पाच जण गेलो त खुर्च्याच कमी पडतीन. मंग त्यालेच उभं राहा लागन." आम्ही हसलो, आणि खरंच पाच जण मिळून गेलो. पहिल्या वर्षात पाच गावांत फिरणारी नर्सबाई मिळाली, पावसाआधी रेशनचा साठा आत पोचायला लागला, दोन शाळांना मास्तर आले. कागद लिहायचं काम माझ्याकडे, कारण मी मॅट्रिक झालेलो. बोलायचं काम त्यांच्याकडे. त्यांना सही तेवढी येत होती.

त्यांचा एकच कायदा होता, लांबच्याला पहिलं. कारण सरळ होतं. नाला भरला की कोसमटोल्याचा रस्ता दिवाळीपर्यंत बंद. रस्त्यावरच्या गावाला कधीही काहीही पोचवता येतं. एकदा आमच्यातल्या एकानं टोमणा मारला, "भाऊ, तुमचंच गाव लांब हाय म्हणून हा कायदा काढला ना?" रैनूभाऊ बिडी झटकत म्हणाले, "माहं गाव कुठी लांब हाय बाप्पा? मी त तिथीच राह्यतो. लांब त तुमचं धानोरा हाय."

दुसऱ्या उन्हाळ्यात पाच गावांना मिळून बोअरची गाडी मिळाली. प्रत्येक गावाला एक बोरिंग, आणि गाडी फक्त पावसापर्यंत. टपरीवर पाळी ठरली. पहिलं कोसमटोला, शेवटी आम्ही. मी मान हलवली. सगळ्यांसमोर हलवली.

आता आमच्या गावाबद्दल सांगायला पाहिजे. आमचा मोहल्ला बौद्धांचा. छप्पन्नच्या दीक्षेनंतर बापानं घरातले देव काढले, पण गावची विहीर काही बदलली नाही. माझी आई विहिरीपासून चार हात लांब घागर ठेवून उकिडवी बसायची, कोणी ओतलं तर घ्यायचं. मी सरपंच झालो तरी तिची ती बैठक सुटली नाही. गावाचं बोरिंग कुठे घ्यायचं ते पंचायतीत ठरलं होतं. भरचौकात, त्याच विहिरीच्या बाजूला. आईला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग मी त्या बोरिंगपाशी बशीन बापू. जागा तेवढी बदलन." हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून हे मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो आहे, आणि ते पुरलेलं नाही.

कोसमटोल्याकडे जाणारी बोअरची गाडी आमच्याच गावावरून जाणार होती. सकाळी ती चौकाजवळ पाणी भरायला थांबली. उपसरपंच आणि दोन पंच लग्नाला नागभीडला गेलेले. मी ड्रायव्हरला म्हणालो, पाळी बदलली आहे, आधी आमच्या मोहल्ल्यात खोदायचं. त्यानं कागद मागितला, मी तिथंच लिहून दिला. मला एक दिवस पुरेल असं वाटलं होतं. पहिलं भोक कोरडं गेलं. दुसरंही. मशीन थांबवून गाडी पुढे पाठवायची वेळ तीच होती, मी पाठवली नाही. कोसमटोल्याचा एक माणूस रोज येऊन विचारायचा, गाडी कुठे आली. पहिल्याच दिवशी त्याला गावाबाहेर गाठून मी म्हणालो, "रैनूभाऊले सांग, गाडी बिघडली. सामान चंद्रपूरवरून येऊन राह्यलं." तो भला माणूस तिथूनच परत गेला. तीनदा आला, तीनदा तेच सांगितलं. चौथ्या दिवशी तिसऱ्या भोकाला पाणी लागलं. मोहल्ला नाचला. आईनं धारेखाली दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ प्यायलीच नाही, नुसतं वाहू दिलं... माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद तो आहे, आणि तो मी कुणाला सांगू शकत नाही.

पाचव्या दिवशी गाडी निघाली. मोहल्ल्यातलं बोरिंग पुढे कोणाच्या नजरेत आलं, की मी सांगायचो, दुरुस्तीनंतर मशीन तिथंच चालवून पाहिलं. त्या साली पाऊस आठवडाभर आधी उतरला. नाल्याच्या अलीकडेच गाडी चिखलात रुतली, ट्रॅक्टर लावून ओढून काढली आणि तशीच परत गेली. कोसमटोला त्या पावसाळ्यात नाल्याचंच पाणी प्यायला. श्रावणात हगवण-ओकारी लागली. रैनूभाऊ छातीएवढ्या पाण्यातून आमच्या गावी आले तेव्हा त्यांच्या अंगावर कोरडा धागा नव्हता. मी नर्सबाईला घेऊन, सलाईनच्या बाटल्या डोक्यावर बांधून त्यांच्यासोबत गेलो. दहा दिवस तिथं राहिलो. लोक म्हणाले, सरपंच असावा तर असा. आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशी त्यांची नात सुक्की गेली होती. सहा वर्षांची. गोंडीत पाण्याला एर म्हणतात. रैनूभाऊ मला म्हणाले, "एर, एर करत होती बाबू. अना मी जे पाजत होतो, त्यानंच मरून राह्यली होती." मला रडू फुटलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू काऊन रडतं? गाडी बिघडली, त्याले तू काय करशीन?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाला बोरिंग मिळालं, तेव्हाही सांगता आलं असतं. पण तोवर गोष्ट माझ्या हातातून गेली होती. रैनूभाऊंच्या डोक्यात एकच बसलं होतं, की एका बिघडलेल्या गाडीनं गावाचा घात केला. सामान चंद्रपूरहून यावं लागतं म्हणून माणसं मरतात. टपरीवर ते म्हणाले, "आता दुसरं काई मांगाचं नाई. धानोऱ्याले दुरुस्तीची शेड पायजे. मिस्त्री इथीच बसला पायजे." बाकीच्यांनी मान डोलावली. आणि अर्ज कोण लिहिणार? मीच. ‘बोअरची गाडी ऐन वेळी नादुरुस्त झाल्यामुळे मौजा कोसमटोला येथे...’ हे वाक्य मी माझ्या हातानं किती वेळा लिहिलं, मोजलेलं नाही. त्याखाली ते आपली सही करायचे. पाच वर्षं ते त्यामागे होते. आधी पाच गावं होती, मग चामोर्शीकडची जोडली गेली. प्रत्येक गावात उभं राहून ते सुक्कीची गोष्ट सांगत, आणि मी त्यांच्या बाजूला बसलेला असे. एकदा परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "रैनूभाऊ, ती गाडी..." ते थांबले, म्हणाले, "हं, बोल." मी म्हणालो, "काई नाई. चढ हाय, दमानं चाला." त्यांची छाती तेव्हापासूनच धरत होती.

शेड झाली. चांगली चालते. आज आसपासच्या गावांतलं बंद बोरिंग चार दिवसांत सुरू होतं, ते तिच्यामुळेच.

त्यांच्या मरणानंतर पंधरा दिवसांनी मी कोसमटोल्याला गेलो. सुक्कीचा बाप दसरू, रैनूभाऊंचा मुलगा, अंगणात टोपली विणत होता. मी त्याला सगळं सांगितलं. ड्रायव्हरला दिलेला कागद, तीन भोकं, तीनदा पाठवलेला निरोप. तो विणत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बाबाले मालूम होतं?"

"नाई."

"मरेपर्यंत त्या गाडीले शिव्या देत होता तो," दसरू म्हणाला. "रोज. तुमाले एक पडली नाई." बांबूची पट्टी त्याच्या हातात मोडली. ती त्यानं बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "तुमी बोलून मोकळे झाले. आता मी काय करू? बायकोले सांगू?"

"मी काय करू ते तू सांग," मी म्हणालो.

"लिव्हता येते ना तुमाले? मंग लिव्हा. सगळ्याइले सांगा. मले एकट्याले नोका देऊ हे."

म्हणून हा लेख. माफी मागायला कोणी उरलेलं नाही, आणि जे उरले आहेत त्यांच्याकडे मागायची माझी हिंमत नाही. हे छापून आल्यावर पाच गावांत काय होईल, मला माहीत नाही. टपरीवर पुढच्या बाजारी माझ्यासाठी कोणी सरकून जागा करेल असं वाटत नाही.

लिहायला बसण्याआधी परवा मी शेडमध्ये जाऊन आलो. दाराजवळ लाकडाचा एक ओंडका आहे. बाजारच्या दिवशी रैनूभाऊ त्यावर बसायचे, हे मिस्त्रीनं मला सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं, मी त्या शेडमध्ये कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दुरुस्तीला जाणारी जीप निघाली की ते उठून तिच्या बॉनेटवर हात ठेवत आणि विचारत, "रस्त्यात बिघडन त नाई ना?" मिस्त्री म्हणायचा, "नाई बिघडत, आजा." मग जीप सुटायची. परवाही एक जीप निघाली होती. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. मिस्त्री दारात आला, ओंडक्याकडे पाहून सवयीनं म्हणाला, "नाई बिघडत, आजा." आणि वरमून आत गेला.

मी तिथं उभा होतो. तेव्हाही बिघडली नव्हती, रैनूभाऊ.