ग्रंथालयातल्या मॅनेजर

मॅच चालू असताना मी फोन घेत नाही. त्या दुपारी मी शिकवते त्या संघातल्या मुलींचा सेट संपल्यावर पाहिलं, तर सुमनताईंच्या लेकीचे तीन मिस्ड कॉल... परत फोन लावला, तेव्हा ताई गेल्याचं कळलं. ताईंना जाऊन आता महिना होईल.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ताई पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायच्या. व्हॉलीबॉलशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना क्रीडाशिक्षकांची जागा रिकामी झाली, ती भरलीच नाही. सोबत बाई कर्मचारी नसेल तर मुलींचा संघ बाहेरगावी जाणार नाही, असं प्राचार्यांनी सांगितलं. आम्ही ग्रंथालयात तोंडं पाडून बसलो होतो. ताईंनी रजिस्टर मिटलं, थेट प्राचार्यांकडे गेल्या आणि पाच मिनिटांत आमच्या मॅनेजर होऊन परत आल्या! गुडघ्यांच्या नी-पॅडला पैसे नव्हते, तर अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून टॉवेलचे तुकडे मागून आणले, घड्या घालून शिवले. त्या जाडजूड पॅडवर आम्ही बिनधास्त सूर मारायचो.

खरी अडचण होती कमलची. श्रीपूरची ही उंच पोरगी आमची सगळ्यात जोरदार स्मॅशर. ती अर्थशास्त्रात नापास झाली आणि विषय राहिलेल्यांनी खेळायचं नाही, असा कॉलेजचा नियम. कमल खेळ सोडून गावी जायला निघाली, तेव्हा ताईंनी तिची बॅग काउंटरमागे ठेवून घेतली. स्वतः कधी अर्थशास्त्र शिकल्या नव्हत्या. रोज आधी धडा वाचायच्या, मग सरावानंतर घामाघूम कमलला समोर बसवून प्रश्न विचारायच्या. फेरपरीक्षेचा निकाल स्पर्धेच्या आदल्या दिवशी लागला. कमल पास! ग्रंथालयात शांतता राखायची, हे त्या दिवशी ताईच विसरल्या.

अंतिम सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. चौदा-तेरा, आम्ही पुढे. ताईंना नियम अजून नीटसे ठाऊक नव्हते. त्यांनी बाकावरून विचारलं, "आता किती पायजेत गं?"

"एकच, ताई."

मी सर्व्हिस केली. चेंडू परत आला, आमच्या एकीने जमिनीलगत उचलला, मी धावत जाऊन कमलसाठी वर सोडला. तिने असा काही हाणला... रेषेजवळ पडला. पंचांचा झेंडा क्षणभर हललाच नाही. मग खाली आला. चेंडू आत! ताई चपला तिथंच टाकून मैदानात धावल्या. कमल त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. पुढे ती पदवीधर झाली. आज बँकेत आहे.

परवा ताईंच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत खाट तशीच होती, उशाला मोबाईलचा स्टँड. निवृत्तीनंतर त्यावर देशोदेशीच्या मुलींच्या मॅच बघायच्या. लेक सांगत होती, शेवटच्या सकाळी मोबाईलवर मॅच चालू असताना नर्स इंजेक्शन घेऊन आली, तर आईने हात मागं घेतला.

"थांब की जरा," म्हणाली, "सर्व्हिस आपली हाय."