वरच्या बाणाचं बटण

दुकानात किस्से साचतात, जुन्या कीबोर्डांपेक्षा जास्त. पूर्वी संध्याकाळी मी ते अण्णाला सांगायचो, माझ्या थोरल्या भावाला. दोन महिने झाले, अण्णा नाही. आता तुम्ही ऐका!

दुकान गिंडीत, तमिळ मुलखात. म्हाताऱ्या कंप्युटरवर फुकटची लिनक्स सिस्टीम आणि हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या-चित्रांचा पसारा, टाकून ते पळते करायचे, हा अण्णाचा धंदा. मी नववी नापास. पण त्याच्या कंप्युटरवर, कमांडच्या काळ्या खिडकीत वरच्या बाणाचं बटण दाबलं की त्याने टाइप केलेल्या ओळी एकेक परत येतात. फोन कानाला असला की मला सांगायचं तेही तो तिथेच टाइप करायचा. त्या ओळी बघून मी दुकान चालवतोय.

लेथवाल्या मुरुगन सारना सगळ्यात हलका डेस्कटॉप हवा होता. दिला! दुसऱ्या दिवशी फोन, धाकट्या भावाला मारायची तमिळ हाक मारत. "तंबी, मशीन चालू होतं, पण आत कोणीच नाही!"

टी. नगरच्या सरोजाबाई टीचर. बारा वर्षांचा लॅपटॉप, आणि म्हणे, "खिडकी फुलासारखी उघडली पाहिजे." नको म्हटलं, ऐकेनात. चिडून टाकला भारी डेस्कटॉप. दोन दिवसांनी लॅपटॉप काउंटरवर आपटून म्हणाल्या, "फूल अजून उमलतंय!"

कंप्युटर सेंटरमधून रिटायर झालेले तंजावरचे राव. त्यांच्या मशीनवर घाईत चुकीची कमांड मारली आणि अख्खा डेस्कटॉपच उडाला. नुसता काळा पडदा! मी घामाघूम. राव खूश. "असंच ठेव रे. नातू आता हात लावणार नाही!"

त्याच रावांनी अण्णाचा कंप्युटर बघून सांगितलं, "बाळू, हा शेवटच्या हजार ओळीच ठेवतो. तू एक नवी मारलीस की तुझ्या अण्णाची एक जुनी गळते."

दोन महिने मी त्यावर चुकीच्या कमांड बडवत होतो! ओरडलो, "आधी सांगायला काय झालं?"

"तू विचारलंस कुठे?"

त्यांनी हद्द वाढवून दिली. गळलेल्या गेल्या त्या गेल्याच.

काल दुपारी मुरुगन सार परत आले. "सीक्किरम, तंबी!" लवकर कर म्हणे, घाई त्यांचीच. मी बाण दाबत मागे, खूप मागे गेलो. एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत: बाळू, दोन वाजले, आधी जेव.

"ही कसली कमांड?"

मी एंटर दाबलं. कंप्युटर म्हणाला, अशी कमांडच नाही.

"बघ, चालली नाही!"

"चालली, सार," म्हटलं आणि डबा उघडला.