मार्गासनीला ठेवलेली बाटली

पुण्याहून निघताना डिकीत पुठ्ठ्याचा खोका आणि दोन जुने टॉवेल ठेवले. बाटली उभीच आणायची होती. स्कॉच आडवी ठेवली की दारू बूच खाऊन टाकते, हे मला वसंताने शिकवलं. तो वसंता गेला, आणि त्याचं दहावं उरकल्यावर मला फोन आला. त्याचा परदेशातला मुलगा म्हणाला, "काका, मार्गासनीचं फार्महाऊस विकलंय. बाबांच्या बाकीच्या बाटल्या एका शौकिनाने उचलल्या. तुमची ती कपाटातच ठेवायला सांगितलीय. घेऊन जा, पुढच्या आठवड्यात ताबा द्यायचाय."

'तुमची ती' म्हणजे आमची ती. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरच्या, कधीच बंद पडलेल्या भट्टीची बाटली आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. त्याआधी मला व्हिस्की म्हणजे सोडा, बर्फ आणि खारे शेंगदाणे एवढंच ठाऊक होतं. वसंताने खाली फुगीर, वर निमुळता ग्लास हातात दिला आणि आधी नाक, मग जीभ, असा माझा क्लासच घेतला. पहिल्या घोटाला मी म्हणालो, "कडू आहे." तो एवढा चिडला की विचारू नका. "कडू काढ्याला म्हणतात, गाढवा. इथे धूर म्हण, चामडं म्हण, समुद्र म्हण." पुढे मीही म्हणू लागलो. समुद्र मी अलिबागचा पाहिला होता, तेवढ्यावर भागवलं.

मग जमवणं सुरू झालं आणि पिणं कमी होत गेलं. मी निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता ती फोडू. तो म्हणाला, "अजून नाही. फोडली की संपली." पुढच्या वर्षीही तेच. शेवटी शब्दाने शब्द वाढला आणि मी मार्गासनीला जाणं सोडलं. माझं काय चुकलं, ते मला आजही कळलेलं नाही.

शिवऱ्याला चहासाठी थांबलो. टपरीवाल्याने विचारलं, "फारमहाऊसवर का? शनवार-रयवार लई गाड्या जात्यात."

"नाही, दुखवट्याला."

त्याने चहात आणखी साखर घातली. वसंता असता तर म्हणाला असता, या चहाला कारमेलचा वास आहे. पाकाला पाक म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं.

दोन वर्षांत हायवेची कामं इतकी झाली होती की नसरापूरचा फाटा हुकला आणि थेट कापूरहोळपर्यंत जाऊन परत फिरावं लागलं. आत वळल्यावर मात्र रस्ता ओळखीचा होता. खाचरं (भाताची बांधबंदिस्त शेतं) कापून मोकळी झाली होती आणि पेंढ्याच्या उडव्या रचून ठेवलेल्या. पाट्यांवर आता 'राजगड तालुका' लिहिलंय, माणसं अजून वेल्हंच म्हणतात. दर दोन डोंगरांमागे एक कंपाउंड, त्याला संस्कृत नावाचं गेट, आणि आत राहायला कोणी नाही. तोरणा मात्र होता तिथेच होता. पूर्वी तो दिसला की मी गाडीचा वेग वाढवायचो. या वेळी वाढवला नाही.

फाटकाशी राखणदार धोंडिबा उभा होता. तो धनगर, वरच्या पाड्यावरचा, साठीच्या पुढचा. वसंताच्या जागेत तो आणि त्याची बायको सखूबाई पहिल्यापासून राहत होते. सखूबाई पडवीत पावटा सोलत बसली होती. तिने पाणी दिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

मी कपाट उघडलं. सगळ्या फळ्या रिकाम्या होत्या. धुळीत बाटल्यांच्या बुडांचे गोल तेवढे उमटलेले. वरच्या फळीवर, जिथे आमची असायची, तिथेही एक गोल होता.

"त्या माणसाने तीही नेली?" माझा आवाज चढला.

"न्हाई सायेब," धोंडिबा म्हणाला. "ती म्या म्हसोबाला दिली."

मी खुर्चीत बसलो.

"सायेब दवाखान्यात व्हते, सुद नव्हती. म्या मागनं मागितलं, मानूस घरी येऊ दे. एरवी आमी हातभट्टीची देतो. म्हनलं, या टायमाला मानाची द्यावी."

"आणि मानाची हीच, हे तुला कोणी सांगितलं?"

"सायेबच रोज पुसायचे तिला. म्हनायचे, ही सुधाकर आला की फोडायची. दसऱ्याला म्हनायचे, दिवाळीला म्हनायचे. तुमी आला न्हाई."

"मला एक फोन करायला काय झालं होतं त्याला?"

"मोबाईल तर दोगांकडं बी व्हता," सखूबाई पावट्यावरची नजर न उचलता म्हणाली.

यावर मी म्हसोबा कुठं आहे ते विचारलं.

मागच्या बांधावर करंजाखाली शेंदूर फासलेला दगड होता. त्याच्या शेजारी आमची बाटली, लेबल तेलकट, आत बोटभर गोडं तेल. धोंडिबा त्यातूनच दिव्याला तेल घालत होता. मी बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. शेंगदाण्याचा आला. इतकी वर्षं नाक तयार केलं ते यासाठी.

लाज सोडून विचारलंच, "उघडलीस तेव्हा वास कसला होता?"

"धुराचा. पावसाळ्यात वली लाकडं चुलीत घातल्यावानी. मला वाटलं, नासली."

"चाखलीस?"

"देवाच्या आधी कशी चाखायची? वतल्यावर परसाद म्हून बोट लावलं जिभंला." त्याने तोंड वाकडं केलं. "लई कडू."

सबंध जगात त्या बाटलीची चव सांगू शकणारा एवढा एकच माणूस होता आणि त्याने हे सांगितलं. मला त्याचा राग आला. वसंताचा त्याहून जास्त आला. मला एक घोट न देणाऱ्या माणसाची बाटली दगडावर ओतली गेली होती.

"एवढी देऊनही गेलाच तो," मी म्हणालो.

"व्हय. देवानं घेतली बी आन् ऐकलं बी न्हाई." धोंडिबा दगडाकडे बघत होता. "तवापासनं म्या याला थेंब दिला न्हाई. दिवा तेवडा लावतो."

मी म्हटलं, रिकामी बाटली तरी न्यावी. तो म्हणाला, देवाला दिलेलं परत न्हेत न्हाईत. मी ती होती तिथेच ठेवली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. पुढच्या आठवड्यापासून ती दोघं कुठं राहणार, ते मी विचारलं. "पाड्यावर. हितं नवा मालक त्याचा मानूस आननार," सखूबाई म्हणाली. गाडीत बसताना तिने माझ्या खोक्यात इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवली आणि माझेच टॉवेल तिच्याभोवती नीट खोचले. "मोकळा खोका न्हेऊ नये," म्हणाली.

परतीच्या वाटेवर एकच विचार होता. आम्ही दोघं स्वतःला जाणकार म्हणवत होतो, आणि आमच्यात बूच काढणारा निघाला म्हसोबा.

घरी आल्यावर तांदूळ डब्यात ओतले आणि माझं कपाट उघडलं. ज्या बाटलीला मी कोणालाही हात लावू देत नसे, ती काढली. बूच पिळलं तर अर्धं हातात आलं आणि अर्ध्याचा भुगा आत पडला. चहाच्या गाळणीने गाळून घेतली, ग्लासात ओतली, नाक लावलं. धूर होता, चुलीतल्या ओल्या लाकडांचा. मग घोट घेतला आणि जिभेवर धरून ठेवला, शिकवला होता तसा.

"कडू आहे," मी मोठ्याने म्हणालो. हटकायला कोणी नव्हतं.